जकातीचा हिशेब लागला, पुढे काय?

खाडीपल्याड

सुरुवातीलाच ठाणेकरांसाठी खुलासा: ही मुलुंड चेकनाक्यावरची जकात नव्हे. ती जीएसटी आल्यावर १ जुलै २०१७ ला गेली. ही आमची, मुसलमानांनी दरवर्षी आपल्या मालमत्तेतून गरजूंसाठी काढायचीच अशी. शब्द मात्र तोच, अरबीतला. "मला या आठवड्यात जकात काढायचीय" असं मी बेलापूरच्या ऑफिसात म्हटलं, तर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, "गाडी कुठली आहे?"

मी राहते कौशाला. माहेर कोकणी, मुरूडकडचं, म्हणजे शाफई. सासर मालेगावचं, हनफी. हे इस्लामी धर्मकायद्याचे दोन मसलक, म्हणजे पंथ. त्यामुळे रमजान लागला की आमच्या एकाच स्वयंपाकघरात दोन हिशेब मांडले जातात. यंदा म्हटलं इथेच लिहावं. माझ्यासारखे बरेच असतील, ज्यांना मशिदीबाहेर मिळणारं उर्दू पत्रक धड वाचता येत नाही आणि मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर दिरहममध्ये बोलतो.

मूळ नियम थोडका आहे. निसाबएवढी (ठरलेल्या किमान मर्यादेएवढी) किंवा त्याहून जास्त मालमत्ता हातात असेल आणि तिच्यावर चांद्र वर्ष उलटलं असेल, तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के. रोख, बँकेतली शिल्लक, सोनं-चांदी, विकायला ठेवलेला माल, गुंतवणूक हे सगळं धरायचं. राहतं घर, वापरातली स्कूटी, फ्रीज, शिलाई मशीन हे नाही. निसाब म्हणजे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी.

आता या तोळ्याची गंमत. मागच्या वर्षी मी दागिने घेऊन जांभळी नाक्याला एका सराफाकडे वजन करायला गेले. पाटल्यांच्या डबीत अम्माच्या हातची चिठ्ठी होती, 'पाटल्या जोडी, तोळे ४'. काट्यावर भरलं ४६.५ ग्रॅम. सराफ म्हणाले, "ताई, साडेचार तोळ्यांच्या वर आहे." मला क्षणभर वाटलं, अम्माने सांगितलं त्यापेक्षा जास्तच दिलंन. मग त्यांनीच उलगडा केला. अम्माचा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. आता दुकानात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. निसाबातला तोळा हा जुना तोळा. म्हणजे सोनं ८७.४८ ग्रॅम, चांदी ६१२.३६ ग्रॅम. (काही ठिकाणी ८५ आणि ५९५ असंही छापलेलं दिसेल, तो दीनार-दिरहमच्या वजनावरून काढलेला आकडा.) साडेसात तोळे म्हणजे ७५ ग्रॅम धरून बसलेली माणसं आमच्या नात्यातच तीन सापडली.

सोन्याचा निसाब धरायचा की चांदीचा? हिशेबाला सोपे म्हणून काल्पनिक भाव घेते. चांदी किलोला १ लाख धरली तर निसाब ६१,२३६ रुपये. सोनं दहा ग्रॅमला १ लाख धरलं तर ८,७४,८००. पैगंबरसाहेबांच्या काळात निसाबाचे २० दीनार (सोन्याचे) आणि २०० दिरहम (चांदीचे) साधारण एकाच मोलाचे होते. आज एका मापाने आमच्या गल्लीतला अर्धा रिक्षा स्टँड जकात देणारा ठरतो, दुसऱ्या मापाने मीसुद्धा सुटते! आपल्याकडचे बहुतेक उलमा (धर्मपंडित) रोख रकमेला चांदीचंच माप लावायला सांगतात, कारण त्यात गरिबाचा फायदा. मी तेच धरते.

माझा मागच्या वर्षीचा हिशेब: बचत खातं १,८५,०००, एफडी ३,००,०००, म्युच्युअल फंड १,२०,०००, हातात १५,०००, आणि भावाच्या मित्राला दिलेली ४०,००० ची उधारी, जी तो देईल असं अजून तरी वाटतंय. बँकेचं व्याज आधीच बाजूला काढलं होतं. ते जकातीत धरत नाहीत आणि जकात म्हणून देताही येत नाही. एकूण ६,६०,०००. क्रेडिट कार्डाचे २२,००० आणि नणंदेचे ३०,००० देणं होतं. शाफई मतात कर्जाची वजावट नाही, हनफीत आहे. वजा केले तर जकात १५,२००, न केले तर १६,५००. फरक तेराशेचा. तेराशेसाठी दोन मसलकांत भांडण कशाला, म्हणून १६,५०० काढले.

इथवर वही बरोबर. पुढे घोळ.

मी बँकेतून पाचशेच्या ३३ नोटा आणल्या. पंधराव्या रोजानंतर दारावर जो येईल त्याला एकेक. तीन संध्याकाळींत संपल्या. मनाला बरं वाटलं, खोटं का बोलू. ईदनंतर आठवड्याने सोसायटीच्या फळ्याकडे नीट लक्ष गेलं. थकबाकीदारांची यादी लावली होती, त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या खालांचा (मावशींचा) फ्लॅट. १४,२०० रुपये. शौहर जाऊन दोन वर्षं झालीत, मुलगी कॉलेजात. त्या माझ्या दारात कधी आल्या नाहीत, येणारही नाहीत. आणि ती यादी काही ईदनंतर लागली नव्हती. लिफ्टची वाट बघत मी ती महिनाभर रोज वाचत होते.

तर प्रश्न असे. खालांना देताना कसं द्यायचं? फ्लॅट त्यांच्या नावावर आहे, मग त्या पात्र आहेत का? आणि उधारीचे ते ४०,००० मी 'जकातीत माफ' म्हणून सोडले तर चालतं का?

जुना_ठाणेकर

गाडी कुठली, हे विचारणारा मी नव्हे, पण विचारलं असतं. :) आनंदनगर नाक्यावर तीस वर्षं ट्रकांच्या रांगा बघितल्यात.

राबोडीत लहानपण गेल्याने 'खैरात' हा शब्द माहीत होता, आणि जकात म्हणजे तेच असं समजत होतो. यात टक्का ठरलेला असतो आणि तो मोजून द्यावा लागतो, हे आज कळलं. एक शंका, राग मानू नका. हे पैसे मुसलमानालाच द्यायचे असतात ना? मग शेजारी दुसऱ्या धर्माचा अडला असेल तर?

खाडीपल्याड

राग कसला. खैरात किंवा सदका ऐच्छिक. कुणालाही, कितीही, कधीही. शेजारी अडलेला असताना आपण पोटभर जेवून झोपू नये, यात शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. जकातीचं तसं नाही. कुराणात सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत आठ प्रकारचे हकदार मोजून दिलेत: फकीर, मिस्कीन (दोन्ही गरीबच, गरजेत कमी-जास्त), जकात गोळा करणारे कर्मचारी, ज्यांची मनं जोडायची आहेत ते, गुलामगिरीतून सुटणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या वाटेवरचे आणि अडकलेले मुसाफिर. बहुतेक फकीहांच्या (धर्मकायद्याच्या जाणकारांच्या) मते फकीर-मिस्कीनांचा हिस्सा मुस्लिम गरजूंचाच. म्हणून आमच्याकडे दोन पाकिटं असतात. व्याजाचे पैसे तिसऱ्या पाकिटात. ते तर पुण्याची अपेक्षा न ठेवता देऊन टाकायचे असतात.

भिवंडीकर_सूत

हिशेब चांगला मांडलाय, पण ताई, दागिने कुठे गेले? जांभळी नाक्यापर्यंत जाऊन वजन केलंत आणि वहीत घेतलंच नाही!

आमच्या हनफी मतात सोनं-चांदी वापरातलं असो की लॉकरमधलं, जकात आहेच. माझ्या घरात दरवर्षी यावर चर्चा होते. बायकोचं ८० ग्रॅम आहे. ती म्हणते ८७ पूर्ण नाही, मी सुटले. नाही सुटली. नुसतं सोनंच असतं आणि एक रुपयाही नसता, तर गोष्ट वेगळी. तिच्या खात्यात ५,००० आहेत. सोनं आणि रोख एकत्र केलं की किंमत चांदीच्या निसाबच्या कितीतरी वर जाते. बावीस कॅरेट दहा ग्रॅमला ९०,००० धरा: ७,२०,००० अधिक ५,०००, झाले ७,२५,०००. जकात १८,१२५. आणि ती तिच्यावर, माझ्यावर नाही. मी तिला विचारून तिच्या वतीने भरतो. पण दागिने तिचे असतील तर जबाबदारीही तिची, हे दोघांनाही माहीत पाहिजे.

धंद्याचं सांगतो, कारण विचारणारे फार. यंत्रमागांवर जकात नाही. शेड, मोटर, सायझिंगचं सामान, काहीच नाही. पण गोदामातलं सूत, मागावर अर्धं विणलेलं कापड, तयार तागे, सगळ्यावर आहे. भाव खरेदीचा नाही, त्या दिवशी बाजारात जो मिळेल तो. व्यापाऱ्यांकडे अडकलेली उधारीपण धरायची. फक्त जी पार्टी बुडालीच, ती हातात येईल तेव्हा बघू. मंदीत हा हिशेब करताना पोटात गोळा येतो. माल पडून आहे, पैसा नाही, आणि जकात तर द्यायचीय. तेव्हा मी थोडं-थोडं आधीच देत राहतो.

खाडीपल्याड

दागिने मुद्दामच सोडले होते, कुणीतरी विचारणार माहीत होतं. :) शाफई मतात बाईच्या नेहमीच्या, रीतीला धरून वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. साठवण म्हणून घेतलेलं असेल किंवा बिस्किटं-नाणी असतील तर आहे. माझ्या पाटल्या मी लग्नकार्याला घालते, म्हणून सूट. सासूबाईंना हे पटत नाही. त्या म्हणतात, वर्षातून दोनदा घालतेस त्याला वापर म्हणायचं का? खरं सांगायचं तर याला माझ्याकडे उत्तर नाही. मागच्या वर्षी वजन करायला गेले ती त्याच वाक्यामुळे.

हिशेबनीस_नेरूळ

व्यवसायाने सीए आहे. रमजानात माझ्याकडे रिटर्नपेक्षा जकातीचेच फोन जास्त येतात. फतवा देणं माझं काम नाही, ते मौलानांना विचारा. आकड्यांपुरतं बोलतो.

तारीख. लोक ३१ मार्चचा ताळेबंद घेऊन येतात. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं. इंग्रजी वर्षाने चाललात तर दरवर्षी अकरा दिवस पुढे सरकता आणि ३३ वर्षांत एका अख्ख्या वर्षाची जकात बुडते. इंग्रजी तारीखच सोयीची असेल तर २.५ ऐवजी २.५७७ टक्के धरतात. त्यापेक्षा १० रमजान, १ मुहर्रम, जी काही तुमची तारीख असेल ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि ती रमजानातच असली पाहिजे असंही नाही. निसाब पहिल्यांदा पूर्ण झाला तो दिवस खरा.

गृहकर्ज. खारघरला फ्लॅट घेतलेला माणूस पन्नास लाखांचं कर्ज वजा करून म्हणतो, मी तर मायनसमध्ये. असं केलं तर नवी मुंबईत जकात देणारा औषधालाही सापडणार नाही. वजावट मानणारे बरेच मुफ्तीसुद्धा फक्त देय झालेला हप्ता, फार तर पुढच्या वर्षभराचे हप्ते वजा करू देतात. भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या किमतीवर जकात नाही, भाड्यातून जे साठलं त्यावर आहे. नफ्याने विकायचा म्हणून उलव्याला घेतलेल्या प्लॉटच्या आजच्या किमतीवर मात्र आहे. इथे चेहरे पडतात.

पगारातून सक्तीने कापला जाणारा पीएफ बहुतेक जण हातात आल्यावरच धरतात. स्वेच्छेने जास्त कापून घेत असाल तर तेवढं विचारून घ्या.

आयकर. जकात ही वजावट नाही. ८०जी (देणगीवर करसवलत) असलेल्या संस्थेला दिलंत तर आणि तरच, त्यातही रोख २,००० च्या वर चालत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही वजावटच मिळत नाही. तेव्हा या नादाला लागू नका.

उधारीबद्दल: नुसतं 'माफ केलं, जकातीत धरलं' हे दोन्ही मसलकांत चालत नाही, एवढं मला मुफ्तींकडूनच माहीत आहे. तो खरंच हकदार असेल तर जकात त्याच्या हातात द्या. मग त्याने त्यातून तुमचं कर्ज फेडलं तर फेडलं. पण 'देतो, लगेच परत कर' अशी अट घालायची नाही. आणि बुडीत उधारीवरून जकात भागवायची आयडिया दरवर्षी माझ्याकडे निदान चौघे तरी घेऊन येतात, तेव्हा तुम्ही एकट्या नाही.

तळोजा_फेज_दोन

पाचशेच्या नोटांपेक्षा मोठा घोळ सांगतो. दोन वर्षांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर एका बाळाचा फोटो आला. नाकात नळी, खाली क्यूआर कोड, 'जकात लागू' असं ठळक. मी सात हजार टाकले, बायकोने दोन. महिन्याने तोच फोटो दुसऱ्या ग्रुपवर, बाळाचं नाव वेगळं, शहर वेगळं. आता कुणी कितीही रडका मेसेज पाठवो, मी बिलावरचा रुग्ण क्रमांक मागतो आणि रुग्णालयाच्या काउंटरवर स्वतः जातो. खरा माणूस क्रमांक लगेच देतो.

पावतीपुस्तकवाल्यांचंही तेच. कुठून कुठून येतात, दाढी-टोपी बघून आपण शंका घेत नाही. एकाच्या पावतीवर अनुक्रमांकच नव्हता.

पावतीवर_वाढलेला

तळोजाभाई, शंका घ्या, पण एक बाजू माझीही ऐका.

मी मराठवाड्यातल्या एका मदरशाच्या वसतिगृहात सात वर्षं काढली. आमचे एक उस्ताद रमजानात मुंब्रा, राबोडी, पनवेल करत पावत्या फाडायचे. या शिक्षकांना सफीर म्हणतात. स्वतःचा रमजान घराबाहेर, सेहरी कुठल्यातरी मशिदीच्या ओट्यावर. परत यायचे तेव्हा पाय सुजलेले. जूनमध्ये आमच्या ताटात जी डाळ असायची ती त्या पावत्यांची. म्हणून दारावर सफीर आला की मी आधी पाणी विचारतो. (रोजा असतो, तरी तोंडून निघतंच.)

पण पाणी विचारून झाल्यावर कागदही विचारतो. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आहे का, मागच्या वर्षाचा ऑडिट रिपोर्ट आहे का. सगळ्यात महत्त्वाचं, जकातीचा पैसा इमारत आणि पगाराच्या पैशांपासून वेगळा ठेवता का. जकात गरिबाच्या मालकीची व्हावी लागते. तिच्यातून मशिदीची फरशी बसत नाही, कफनसुद्धा घेता येत नाही. हे सांगितल्यावर जो रागावतो त्याला देत नाही. जो हसून मोबाइलमधला रिपोर्ट उघडतो त्याला देतो. आमचे उस्ताद पिशवीत झेरॉक्स घेऊन फिरायचे, कुणी मागायचंच नाही.

शेवग्याची_शेंग

मी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात समाजसेवा विभागात आहे. धर्माने हिंदू, पण रमजानात जकात देणारे थेट आमच्याच टेबलावर येतात म्हणून लिहिते.

कृपा करून बिल भरायच्या आधी विचारा. आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड लागतं. नातेवाईक घाबरलेले असतात, त्यांना हे माहीत नसतं. भला माणूस येतो, साठ हजार भरून जातो. जे काम कागदावर झालं असतं त्यात त्याची जकात संपते. आणि त्याच रुग्णाला पुढचे सहा महिने औषधं, भाडं, घरी बसलेल्या कमावत्या माणसाचा पगार, यासाठी कुणी नसतं. खारघरला टाटाच्या कॅन्सर केंद्रात बाहेरगावाहून येणाऱ्यांची तीच कथा. गावी शेत असतं, इथे खिशात काही नसतं.

खाडीपल्याड

हाच तो 'अडकलेला मुसाफिर'! गावी खाऊनपिऊन सुखी असला तरी इथे अडला तर त्याला गरजेपुरतं देता येतं. आठातला हा प्रकार मला आजवर उंटांच्या काफिल्यातलाच वाटायचा.

भिवंडीकर_सूत

खालांबद्दल कुणी बोललंच नाही. फ्लॅट असला तरी राहतं घर मोजत नाहीत. बाकी जवळ निसाबएवढं काही नसेल तर त्या हकदार. सय्यद घराण्यातल्या, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वंशातल्या असतील तर मात्र जकात नाही, सदक्यातून बघा. आणि परस्पर सोसायटीच्या खात्यात भरून टाकू नका. आधी त्यांच्या हातात, किंवा त्यांच्या सांगण्यावरून. जकात आहे असं तोंडाने म्हणायची गरज नाही. देणाऱ्याची नीयत पुरते.

घरकामाच्या बाईंनाही देता येते, गरजू असतील तर. पण ईदचा ठरलेला बोनस किंवा पगार जकातीत घालू नका. ते त्यांच्या कामाचं आहे.

हिशेबनीस_नेरूळ

भावंडं, मामा, मावशी, आत्या यांनाही चालते. त्यात नातं सांभाळल्याचं पुण्य वेगळं. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं यांना नाही, त्यांचं तर मुळात करायचंच असतं.

खाडीपल्याड

आठ दिवसांनी लिहितेय, माफ करा.

यंदाची जकात १९,००० च्या थोडी वर निघाली. (हो, थोडं सोनं धरलं. कोणतं, ते सासूबाईंना विचारा.) नोटा आणल्या नाहीत. तरावीहनंतर (रमजानातल्या रात्रीच्या नमाजानंतर) खालांकडे गेले. हातात पाकीट, त्यात १५,०००. काय बोलायचं ते जिन्यात तीनदा पाठ केलं आणि आत गेल्यावर सगळं विसरले. शेवटी म्हटलं, "खाला, हे ठेवा, सोसायटीचं तेवढं मोकळं होईल."

त्यांनी पाकीट उघडलं नाही. उशीखाली ठेवलं, चहा टाकला आणि मग म्हणाल्या, "सोसायटीचं असू दे ग. सोसायटी ओरडते, व्याज लावत नाय." मुलीच्या फीसाठी जूनमध्ये त्यांनी कानातले गहाण ठेवलेत. चार ग्रॅमचे. दर महिन्याला व्याज भरतायत, मुद्दल तिथेच. आधी ते सोडवणार, उरेल त्यातून सोसायटी. मी परस्पर मेंटेनन्स भरला असता तर हे कधी कळलंच नसतं, आणि फळ्यावरचं नाव पुसल्याचं समाधान घेऊन मी झोपले असते.

उरलेल्यातून दोन हजार शेवग्याच्या शेंगेने सांगितलेल्या एका रुग्णाच्या औषधांना, क्रमांक बघून. बाकीचे एका सफीरला. त्याच्याकडे झेरॉक्स होती. पुढच्या वर्षीसाठी जूनमध्ये फीच्या वेळीच आगाऊ द्यायचं आणि रमजानात हिशेब जुळवायचा असं ठरवलंय.

भावाच्या मित्राने ४०,००० पैकी पाच परत केले. धागा वाचला की काय कोण जाणे.

जुना_ठाणेकर

वाचतोय सगळं. एक घरगुती विचारू? सौ.चे दागिनेही एकदा नीट वजन करून ठेवायचेत, आमच्याकडेही सगळं चिठ्ठ्यांवरच आहे. ते जांभळी नाक्याचे सराफ खडे वजा करून सांगतात का?

खाडीपल्याड

सांगतात. लाख भरलेली असेल तर तीही अंदाजाने वजा करतात. सकाळी दुकान उघडल्या-उघडल्या जा, दुपारनंतर उभं राहायला जागा नसते. आणि चिठ्ठ्या बरोबर न्या.